बत्तीस पानांत मावलेल्या बायका

[दृश्य: उघडं चित्रपुस्तक. समुद्रकाठचा उंच कडा, हातोडी घेतलेली मुलगी, तिच्या पायाशी काळा-पांढरा कुत्रा.]

निवेदन:

असं पान समोर आलं की लहान मुलाचं बोट आधी कुत्र्यावर जातं. हातोडीवाली मुलगी कोण, हे नंतर.

तिचं नाव मेरी ॲनिंग, गाव इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं लाइम रेजिस. वादळात तिथले कडे ढासळायचे आणि आतले जीवाश्म उघडे पडायचे. ते गोळा करून विकायचे, त्यावर घर चालायचं. १८११-१२च्या सुमारास इथे इक्थिओसॉर या प्राचीन सागरी प्राण्याचा सांगाडा मिळाला, तेव्हा मेरी अवघी बारा वर्षांची होती. पण त्याची कवटी आधी दिसली तिच्या भावाला, जोसेफला. बाकीचा सांगाडा मेरीने शोधला. गोष्ट सांगताना हा भाऊ हटकून गळतो.

[दृश्य: छापखाना. मोठा ताव दुमडला जातो आहे.]

तो का गळतो, याचं अर्धं उत्तर छापखान्यात आहे. छपाईचा ताव दुमडला की १६ पानांचा फर्मा होतो. दोन फर्मे म्हणजे ३२ पानं, आणि चित्रपुस्तकं सहसा एवढीच असतात. शीर्षक आणि श्रेयनामावलीची पानं वजा करा, हातात उरतात तेरा-चौदा जोडपानं. त्यांत एक अख्खी बाई बसवायची. मग लेखक काय करतो? एक प्रसंग उचलतो.

[दृश्य: बसच्या खिडकीशी बसलेली चष्मेवाली स्त्री, रेखाचित्र.]

रोझा पार्क्स. १ डिसेंबर १९५५, मॉन्टगोमेरी, अमेरिका. गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला तिने नकार दिला. दमलेली शिवणकाम करणारी बाई, पाय दुखत होते, म्हणून उठली नाही... ही गोष्ट वर्षानुवर्षं अशीच सांगितली गेली. आत्मचरित्रात तिने स्वतःच ती खोडून काढली आहे: दमले होते ते पडतं घेण्याला. ४२ वर्षांची ही बाई कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेची सचिव म्हणून १९४३ पासून काम करत होती. १९५५च्याच मार्चमध्ये, त्याच शहरात, क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीला अशाच नकारासाठी अटक झाली होती. आणि रोझाच्या अटकेनंतर लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार घातला.

३८१ दिवस कसे चितारायचे? मला विचाराल तर नुसते बूट काढा. जोडपानभर झिजलेले बूट. मूल मोजत बसेल.

[दृश्य: कापडी पिशवी, आत घडी घातलेलं लुगडं.]

सावित्रीबाई फुले. १८४८, पुण्यातली मुलींची शाळा. वाटेत अंगावर शेण-चिखल फेकला जाई, म्हणून त्या पिशवीत दुसरं लुगडं नेत, असं सांगितलं जातं. चित्रकाराला आणखी काय हवं? पण १८५४ साली, तेविसाव्या वर्षी, या बाईंचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह छापून आला होता. त्या पानाची वाट मी अजून बघते आहे. अडचण कळते. चिखल उडताना दिसतो. लिहिणारी बाई काढायची, तर चित्रात काही घडतच नाही. बसलेली बाई, दौत, टाक.

[दृश्य: लहान मुलीच्या पायातली लोखंडी पट्टी. पाठोपाठ धावपट्टी.]

विल्मा रुडॉल्फच्या गोष्टीत मात्र सगळं घडतं. पोलिओ, पायाला लोखंडी आधार, आणि १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदकं. पान उलटलं की पट्टी गेली, पान उलटलं की शर्यत जिंकली. मधली वर्षं कुठे आहेत? ती आहेत बसमध्ये. टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिलहून नॅशव्हिलच्या रुग्णालयापर्यंत सुमारे ८० किलोमीटर. आई ब्लँच या पोरीला घेऊन पुन्हा पुन्हा जायची, बसच्या मागच्या बाकांवर बसून, कारण कृष्णवर्णीयांना बसायची मुभा तिथेच होती. घरी भावंडं पाळीपाळीने पाय चोळायची. घरात बावीस मुलं, त्यांतली विल्मा विसावी. मुखपृष्ठावर जिद्दी म्हणून एकच नाव छापलेलं असतं. मला त्या बसमधली आई बघायची असते.

[दृश्य: पुन्हा पहिलं पुस्तक. पानं उलटली जातात.]

मेरीकडे परत. तिने खणून काढलेले सांगाडे धनिक संग्राहकांनी विकत घेतले, विद्वानांनी त्यांवर निबंध वाचले, अनेकदा तिचं नावही न घेता. लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेने स्त्रियांना सभासद करून घेतलं ते १९१९ मध्ये. मेरी १८४७ सालीच गेली होती.

आणि कुत्रा? मुलाचा तो प्रश्न राहिलाच. त्याचं नाव ट्रे. १८३३ मध्ये कडा कोसळला आणि तिच्या डोळ्यांदेखत, अगदी पायाशी, तो दरडीखाली गाडला गेला. मैत्रिणीला तिने हे पत्रातून कळवलं. त्यानंतरही ती त्याच कड्यांखाली जात राहिली.

सहा वर्षांच्या मुलाला हे कसं दाखवायचं? चित्रकाराला एवढंच करावं लागतं. आधीच्या प्रत्येक जोडपानावर कुत्रा काढायचा. मग पान उलटायचं. तोच किनारा, तीच टोपली, तीच हातोडी. मजकूर नाही.

मुलाचं बोट पानभर फिरत राहतं.