बारा शब्द आणि एक सही

मंडळी, काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या. हातात दोनशे पानी वही. तिच्या शेवटच्या पानावर बारा इंग्रजी शब्द, प्रत्येकापुढे गोलात आकडा, फळ्यावर लिहावं तसं सुवाच्य अक्षर. त्यांचा क्रिप्टोचा एक व्यवहार अडकला होता. टेलिग्रामच्या एका ग्रुपवर शंका विचारली, तर लगेच ‘सपोर्ट’चा मेसेज आला, मागोमाग लिंक. लिंक उघडली की बारा चौकोन. बाईंनी वही समोर धरून एकेक शब्द भरला, स्पेलिंग दोनदा तपासलं. काही मिनिटांत वॉलेट रिकामं.

मी त्यांना ब्लॉकचेनवरची, म्हणजे क्रिप्टोच्या सगळ्यांना दिसणाऱ्या सामायिक नोंदवहीतली, नोंद उघडून दाखवली. कुठल्या पत्त्यावर, किती वाजता, किती रक्कम, सगळं स्पष्ट. त्या म्हणाल्या, “अहो, दिसतायत की! मग परत का नाही घेता येत?” काय सांगणार? सातबाऱ्यावर चुकीचा फेरफार झाला तर प्रांताकडे अपील करता येतं. इथे अपील ऐकायला कुणी बसलेलंच नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करायचीच, कारण चोरलेली नाणी एखाद्या एक्सचेंजमध्ये, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, पोचली तर तिथे गोठवता येतात. पण ती आशा, हक्क नव्हे.

मुळात ‘वॉलेट’ या नावानंच घोळ केलाय. त्यात पैसे नसतातच. नोंद ब्लॉकचेनवर असते, वॉलेटमध्ये असते फक्त किल्ली, प्रायव्हेट की. अशा सगळ्या किल्ल्या ज्यातून निघतात ते बीज माणसाला लिहून ठेवता यावं म्हणून २०४८ शब्दांची एक ठरलेली यादी आहे. त्यातले बारा किंवा चोवीस शब्द म्हणजे तुमची सीड फ्रेज. नीट तयार झालेले बारा शब्द अंदाजानं ओळखणं जगातल्या सगळ्या संगणकांनाही झेपायचं नाही. चोराला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तो कुलूप फोडायच्या भानगडीत पडत नाही. तो किल्ली तुमच्याकडेच मागतो. बारा शब्द मागणारा कुणीही असो, तो चोरच, इतकं सरळ धरून चाला. हे शब्द फक्त एकाच कामाला लागतात: वॉलेट पुन्हा उभं करताना, आणि तेही तुमच्याच हातांनी.

न मागताही ते जातात. २०२५च्या फेब्रुवारीत कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी अशी ॲप शोधली, जी गॅलरीतले फोटो वाचून त्यातून सीड फ्रेज उचलत होती. ती गुगल प्ले आणि ॲप स्टोअर दोन्हीकडे होती! म्हणून फोटो नको, ईमेलचा ड्राफ्ट नको, स्वतःलाच केलेला व्हॉट्सॲप नको. काही जण हुशारीनं अकरा शब्द लिहितात आणि बारावा डोक्यात ठेवतात. यादीत शब्दच २०४८, संगणक ते क्षणात तपासून मोकळा होतो.

कागद पाण्यात जातो, वाळवी खाते. स्टीलचा पत्रा घ्या आणि अक्षरं स्वतः ठोका. यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखू येतो, म्हणजे जास्तीत जास्त अठ्ठेचाळीस अक्षरं. भांड्यांवर नावं घालून देणाऱ्याकडे मात्र तो पत्रा नेऊ नका. आणि तो कुठे आहे हे घरातल्या एका विश्वासू माणसाला माहीत असू द्या.

आता सही, म्हणजे व्यवहाराला किल्लीनं दिलेली मंजुरी. रक्कम मोठी असेल तर हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली सांभाळणारं छोटं वेगळं यंत्र, घ्याच, त्यातून किल्ली बाहेर येत नाही. पण किल्ली शाबूत असूनही चोरी होते. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजचे सुमारे २३ कोटी डॉलर गेले. त्या वॉलेटला एकापेक्षा जास्त सह्या लागत. कंपनीचं म्हणणं असं, की पडद्यावर दिसत होता एक व्यवहार आणि सही झाली दुसऱ्यावरच. पुढच्या फेब्रुवारीत बायबिट या परदेशी एक्सचेंजचे जवळपास १५० कोटी डॉलर असेच गेले, तिथेही सही करणाऱ्यांना दाखवलेला व्यवहार बदललेला होता. आपले आजोबा कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका म्हणायचे, ते हेच. संगणकावर काय दिसतं ते सोडा, वॉलेटच्या छोट्या पडद्यावर पत्ता अख्खा वाचा. पहिली-शेवटची चार अक्षरं जुळणारे खोटे पत्ते चोर मुद्दाम बनवतात, म्हणून मधलीही वाचा. छोटा पडदा व्यवहाराचा तपशील दाखवत नसेल, तर सही करू नका.

आणि शब्दांचा फोटो आत्ता ज्यांच्या फोनमध्ये आहे, त्यांनी तो नुसता डिलीट करून भागणार नाही, तो क्लाउडवर जाऊन बसलेला असू शकतो. आज घरी गेल्यावर नवं वॉलेट काढा, नवे बारा शब्द हातानं लिहा, थोडी रक्कम पाठवून ती पोचल्याची खात्री करा, मग उरलेलं सगळं तिकडे न्या.