गोलातली चार नावं

(दृश्य : सोलापूर, नवी पेठ. संध्याकाळ. दुकानाबाहेर टांगलेले टी-शर्ट.)

काळ्या कापडावर पांढरा गरुड. एका पंजात सफरचंदाची फांदी, दुसऱ्यात बेसबॉलची बॅट. भोवती गोल, आणि गोलात चार नावं : जॉनी, जोई, डी डी, टॉमी. परवा मित्रानं हा शर्ट हातात घेऊन विचारलं, “कोण बे हे? भाऊ-भाऊ आहेत का?”

भाऊ नव्हते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली ही पोरं. १९७४ साली त्यांनी बँड काढला, नाव ठेवलं रमोन्स, आणि प्रत्येकानं रमोन हेच आडनाव लावलं. पंक रॉक, म्हणजे वेगवान, साधं, दणदणीत रॉक संगीत, काय असतं हे जगाला ज्यांनी वाजवून दाखवलं त्यांत हे अगदी पुढचे. १९७६ च्या पहिल्या रेकॉर्डवर चौदा गाणी आहेत आणि ती सगळी अर्ध्या तासाच्या आत संपतात. जॉनीचा हात गिटारच्या तारांवर सारखा वरून खाली पडत राहतो. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या मामांचा कारखाना आठवला.

(दृश्य : यंत्रमाग कारखाना. मागांचा आवाज. मग एक माग बंद होतो.)

चादरीचा बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपला की माग थांबतो. नवा बीम येतो. पण वही (धागे वर-खाली उचलणारी चौकट) आणि फणी (धागे सारख्या अंतरावर ठेवणारा कंगवा) यांतून एकेक धागा पुन्हा ओवत बसायचं म्हटलं तर दिवस जाईल. म्हणून जुन्या धाग्यांची टोकं तशीच ठेवतात. मामा स्टुलावर बसतात, चिमटीत राख घेतात, जुनं टोक आणि नवं टोक जवळ आणून बोटांनी पीळ देतात. एक झाला की दुसरा. हजाराच्या वर धागे. मामा मान वर करत नाहीत, बोलतही नाहीत. शेवटी सगळे पीळ हळूच वहीतून, फणीतून पुढे ओढून घेतात. धागे सगळे नवे, पण मागाची मांडणी जुनीच, आणि नक्षीही तीच उतरते.

रमोन्समध्ये नेमकं हेच होत राहिलं.

सुरुवातीला ड्रमवर जोई होता. तो गायला पुढे आला आणि ड्रमर शोधायची वेळ आली. टॉमी तेव्हा बँडचं व्यवस्थापन बघत होता. येणाऱ्या कुणालाच तो ठेका जमेना, म्हणून टॉमी स्वतःच ड्रमवर बसला. १९७८ मध्ये दौऱ्यांना कंटाळून तो उठला आणि त्याच्या जागी मार्की आला. पण मार्कीच्या पहिल्या रेकॉर्डच्या निर्मितीला टॉमी होताच. जुनं टोक नव्याच्या शेजारी धरून बसणं म्हणतात ते हेच.

१९८३ मध्ये दारूपायी मार्कीला काढलं आणि रिची आला. रिची चार वर्षं वाजवत होता, गाणी लिहीत होता. १९८७ मध्ये तो बँड सोडून गेला, आणि कारण होतं टी-शर्ट. शर्टांच्या विक्रीतला वाटा त्याला मिळत नव्हता. शर्ट हातात घेतला की ही गोष्ट मला दर वेळी टोचते. त्याच्या जागी ब्लाँडी या बँडचा ड्रमर क्लेम बर्क ‘एल्व्हिस’ रमोन म्हणून आला, फक्त दोन कार्यक्रमांपुरता. मग दारू सोडलेला मार्की परत.

१९८९ मध्ये डी डी बँड सोडून गेला. हा धक्का मोठा होता, कारण बँडची कितीतरी गाणी त्याचीच. त्याच्या जागी बेस गिटार घेऊन तेवीस वर्षांचा सी. जे. उभा राहिला. बँड निघाला तेव्हा हे पोरगं शाळेत होतं. डी डी बँड सोडूनही त्यांच्यासाठी गाणी लिहीत राहिला, आणि १९९२ च्या रेकॉर्डवर त्यातली काही सी. जे.नं गायली. ज्याच्या जागेवर उभा आहे त्याचेच शब्द तोंडात. मला या सगळ्या कहाणीतला सगळ्यात घट्ट पीळ हा वाटतो.

जोई आणि जॉनी तेवढे पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत राहिले. त्या दोघांचं आपसातलं बोलणं कित्येक वर्षं जवळजवळ बंद होतं. तरी रोज रात्री एकाच स्टेजवर.

६ ऑगस्ट १९९६. हॉलिवूडमध्ये २२६३ वा आणि शेवटचा कार्यक्रम. जोई, जॉनी, मार्की, सी. जे. आणि त्या रात्री पाहुणा म्हणून डी डीसुद्धा येऊन गायला.

२००२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा सन्मान झाला. नावं पाच : जोई, जॉनी, डी डी, टॉमी, मार्की. रिची नाही, सी. जे. नाही. सात वर्षं ज्यानं बँडला नवं बळ दिलं तो नाही. मला हे पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

गंमत बघा, बँड चालू असताना त्या गोलातली नावं बदलायची. माणूस बदलला की शर्टावर नवं नाव यायचं. आज बाजारात बहुतेक पहिले चौघेच दिसतात.

(दृश्य : पुन्हा नवी पेठ. शर्ट कागदात गुंडाळला जातो.)

मित्रानं तो शर्ट घेतला. रस्ताभर मी त्याला नावं सांगत होतो आणि तो बोटांवर मोजत होता. जोई, जॉनी, डी डी, टॉमी. मार्की. रिची. दोन कार्यक्रमांचा एल्व्हिस. सी. जे.

“आठ,” तो म्हणाला.