चेयेनची ती सकाळ

११ एप्रिल १९९६. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं चेयेन विमानतळ. सकाळचे आठ वाजून गेलेत. पाऊस लागलाय, विजा चमकताहेत. एका चार आसनी सेसना विमानाचं इंजिन सुरू होतं आणि लगेच बंद करावं लागतं. चाकाला लावलेला ठोकळा काढायचाच राहून गेलाय. इतकी घाई आहे.

डावीकडच्या सीटवर जेसिका डुब्रॉफ. वय वर्षं ७. पुढचं दिसावं म्हणून खाली लाल उशी, पाय पोचावेत म्हणून पेडलना अॅल्युमिनियमचे जोड. शेजारी तिचे प्रशिक्षक जो रीड, मागे वडील लॉइड.

कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बेहून आदल्याच दिवशी निघालेत हे तिघं. देश ओलांडून पूर्व किनारा गाठायचा आणि परत यायचं, सगळं मिळून ८ दिवसांत. एवढ्या लहान मुलीने विमान देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, असा विक्रम करायचाय. खरं तर सर्वांत लहान वैमानिकाची नोंद घेणं गिनीजने आधीच बंद केलं होतं. पण वाटेतल्या गावांत कॅमेरे वाट बघत होते, मुलाखती ठरलेल्या होत्या. त्या सकाळीही चेयेनच्या रेडिओ केंद्राशी फोनवर बोलणं झालं. तिथल्या माणसाने सुचवलंही, हवा बरी नाही, आज इथेच थांबा. वडील म्हणाले, वादळ यायच्या आत निघायचंय.

चेयेन समुद्रसपाटीपासून ६,१०० फुटांहून उंच आहे. इथली हवा विरळ. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते आणि पंखांनाही उचल कमी मिळते. रीड यांना इतक्या उंचावरून उडायचा फारसा सराव नव्हता. त्यात विमानात परवानगीपेक्षा ९६ पौंड, म्हणजे जवळपास ४४ किलो वजन जास्त. थोड्या वेळापूर्वी उडालेल्या एका वैमानिकाने वाऱ्याचा वेग अचानक कमी-जास्त होतोय, असं कळवलं होतं. नियंत्रण कक्षाने ते रीड यांना सांगितलंही.

८ वाजून २४ मिनिटांच्या सुमारास सेसना उडालं. उजवीकडे वळायला लागलं. वर चढेना. वेग कमी होत गेला, पंखांची उचल सुटली. वैमानिक याला स्टॉल म्हणतात. यातून बाहेर यायचं तर नाक खाली करून वेग मिळवावा लागतो, आणि त्यासाठी खाली मोकळी उंची लागते. ती नव्हतीच. विमान एका घरासमोर कोसळलं. तिघंही जागीच गेले. जमिनीवर कुणाला इजा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मथळ्यांत नाव होतं जेसिकाचं. मला ते फार लागतं. कारण तपासातून दिसलं ते वेगळंच. त्या क्षणी विमान रीड चालवत होते. उडायचा निर्णयही त्यांचाच, आणि अहवालाने अपघाताचं कारण म्हणून नेमकं त्यावरच बोट ठेवलं. पत्रकारांना दिलेल्या शब्दापायी आखलेलं घट्ट वेळापत्रक पाळायची धडपड, हेही अहवालात आहे. हवा, वजन, वेळ, यातलं काहीही ठरवणं ७ वर्षांच्या मुलीच्या हातात नव्हतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत कायदा झाला. विक्रमासाठी उडणाऱ्या विमानाचं नियंत्रण परवाना नसलेल्याच्या हाती द्यायला बंदी आली.

५ मेला जेसिकाला ८ वर्षं पूर्ण झाली असती.