बॉनेटवरचा थेंब

(दृश्य : काळ्या मोटारीचे बॉनेट, त्यावर पहिल्या पावसाचे थेंब)

नवतपा नुकताच संपला आहे आणि नागपुरात मृगाची पहिली सर येऊन गेली आहे. बॉनेटवरचा हा थेंब नितळ दिसत असला, तरी खाली येताना त्याने कोरड्या हवेत साचलेले बरेच काही स्वतःत विरघळवून घेतले आहे.

(दृश्य : कोराडीचा तलाव, पलीकडे वीज केंद्राची धुरांडी)

शहराच्या उत्तरेला कोराडीत प्रत्येकी 660 मेगावॉटचे तीन संच कोळशावर चालतात. जवळच खापरखेड्याचे केंद्र आहे. कोळशातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड बनतो, वाहनांच्या धुरातून नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मिसळतात आणि हवेतल्या ओलाव्यात त्यांचे गंधकाम्ल व नत्राम्ल होते. स्वच्छ पावसाचा सामूही, म्हणजे आम्लता दाखवणारा pH अंक (7 उदासीन, त्याखाली आम्ल), 5.6च्या आसपास असतो. त्याखाली उतरला की त्याला आम्लवर्षा म्हणतात. आपल्याकडची चुनखडीयुक्त धूळ बरेचसे आम्ल शमवते, हेही सांगितलेच पाहिजे. मात्र रंगाचे खरे नुकसान पाऊस पडताना होत नाही, तर तो थांबून ऊन पडल्यावर होते.

(दृश्य : उन्हात आटत जाणारा थेंब, अगदी जवळून)

पाणी उडून जाते, गंधकाम्ल उडत नाही. थेंब जसजसा लहान होतो, तसतसे उरलेले आम्ल तीव्र होते आणि तापलेल्या पत्र्यावर ते रंगावरच्या पारदर्शक थराचे, म्हणजे क्लिअर कोटचे, रासायनिक बंध तोडू लागते. या थराची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन असते. थेंब संपतो, कडेला गोल खूण उरते.

(दृश्य : हिंगणा मार्गावरील धुलाई केंद्र, दोन बादल्या, साबणाचा फेस)

येथील कारागीर गाडीला आधी हात लावत नाहीत, फडके तर मुळीच नाही. राख आणि धूळ कोरडी पुसली, तर तिचे कण रंगावर बारीक चरे पाडतात, आणि सकाळी झटपट कोरडे फडके मारण्याची आपली सवय येथेच नडते. म्हणून प्रथम टपावरून खाली भरपूर पाणी सोडले जाते, मग सौम्य, उदासीन सामूच्या शाम्पूने मऊ मायक्रोफायबर हातमोजा फिरवला जातो. एका बादलीत शाम्पू, दुसरीत मोजा विसळण्यासाठी स्वच्छ पाणी. चाके शेवटी, वेगळ्या कापडाने. धुणे नेहमी सावलीत आणि पत्रा थंड असताना केले जाते. बोअरवेलचे जड पाणी वाळू दिले, तर क्षारांचे पांढरे डाग पडतात, म्हणून गाडी लगेच टिपून घेतली जाते.

(दृश्य : बोटांनी वर्तुळाकार लावले जाणारे मेण)

मेण किंवा सिरॅमिक लेप रंगाला अभेद्य करत नाही. आम्लाचा पहिला मारा तो स्वतः झेलतो आणि पाणी त्यावर टिकत नाही. मेण उन्हात झिजते, त्यामुळे ते पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा लावावे लागते. लेप अधिक काळ टिकतो, पण धुण्यातून सुटका तोही देत नाही.

खूण नखाला जाणवण्याइतकी खोल गेली, तर पॉलिशने ती जात नाही. तो भाग पुन्हा रंगवावा लागतो.

(दृश्य : दुसरी सर ओसरलेली, ढगांतून येणारे ऊन, तेच काळे बॉनेट)

थेंब अजून ओले आहेत. मालकाने पाण्याचा पाइप हातात घेतला आहे.