तळघरातला आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या कुळाची वाताहत झाली की आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात, "त्यांचं घर बुडालं." दगडविटांचं घर जागच्या जागी उभं असतं, बुडालेलं असतं ते घराणं. आज ज्या कथेबद्दल मी बोलणार आहे तिच्यात घर आणि घराणं दोन्ही एकाच रात्री बुडतात, तेही खरोखरच्या पाण्यात. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाची ही कथा, 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर'. सप्टेंबर १८३९ मध्ये ती फिलाडेल्फियाच्या एका मासिकात छापून आली. पो तेव्हा तीस वर्षांचा होता आणि त्याच मासिकात सहायक संपादक होता.

पो सांगतो की आसपासचे शेतकरी 'हाउस ऑफ अशर' म्हणत, तेव्हा वाडा आणि कुटुंब दोन्ही त्यांच्या मनात एकच असत. या घराण्याला कधी फांद्या फुटल्या नाहीत, वंशाची एकच सरळ रेघ. तिच्या टोकाला आता दोघंच उरली आहेत, रॉडरिक आणि त्याची जुळी बहीण मॅडलिन. रॉडरिकचं आजारपणाचं पत्र येतं आणि त्याचा बालमित्र घोड्यावरून निघतो. तोच आपल्याला कथा सांगतो. त्याचं नाव मात्र शेवटपर्यंत कळत नाही.

शरदातला मळभ दाटलेला दिवस. समोर वाडा, पायथ्याशी काळं, निश्चल तळं. भिंतींवर बुरशीची जाळी, खिडक्या नजर हरवलेल्या डोळ्यांसारख्या. आणि जाता जाता पो एक गोष्ट सांगून टाकतो: छतापासून निघालेली, वेडीवाकडी खाली उतरत तळ्याच्या पाण्यात नाहीशी होणारी एक भेग, बारकाईनं पाहिलं तरच दिसणारी. एवढं सांगून तो तिचा विषयच सोडतो. आपणही ती विसरतो.

रॉडरिकचा आजार विलक्षण आहे. त्याला अळणी जेवणच चालतं, कपडाही ठरावीक पोताचाच अंगावर सोसतो. फुलांचा वास गुदमरवतो, मंद उजेडही डोळ्यांना टोचतो. आवाज तर सहनच होत नाहीत, अपवाद काही तंतुवाद्यांचा. स्वतः तो गिटार छेडत बसतो. हे तपशील मी मुद्दाम सांगतोय, कारण पोनं एक असा माणूस उभा केलाय ज्याचा कान साऱ्या वाड्यात सर्वांत तीक्ष्ण आहे.

मॅडलिनला अंग ताठरून निश्चेष्ट होण्याचे झटके येतात. एका रात्री ती गेल्याचं रॉडरिक सांगतो. पुरण्याआधी पंधरा दिवस देह वाड्यातल्याच तळघरात ठेवायचा, असं तो ठरवतो. त्या काळी इंग्लंड-अमेरिकेत चिरफाडीसाठी थडगी उकरून मृतदेह चोरले जात, आणि तिच्या आजाराबद्दल वैद्यांनी फार चौकशी चालवली होती. त्यामुळे मित्रालाही यात वावगं वाटत नाही. दोघं मिळून पेटी खाली नेतात. झाकणाला स्क्रू लावण्याआधी दिसतं की मॅडलिनच्या गालांवर फिकी लाली आहे, ओठांवर पुसटसं हसू आहे. आणि त्या तळघराचं दार! पूर्वी तिथं दारू साठवत, बंदुकीची, म्हणून जमिनीला तांब्याचा पत्रा मारलेला. दार जड लोखंडाचं, बिजागऱ्यांवर फिरताना कर्कश करकरणारं. हा आवाज पो आपल्या कानात आधीच घालून ठेवतो.

सात-आठ दिवसांनी वादळी रात्र येते. रॉडरिकला शांत करायला मित्र एक जुनी शौर्यकथा वाचू लागतो. हे पुस्तक पोनं स्वतःच रचलंय. त्यातला वीर दार फोडतो, आणि वाड्यात कुठंतरी लाकूड मोडल्याचा आवाज येतो. कथेत ड्रॅगन किंचाळतो, आणि खालून तशीच कर्कश किंकाळी उठते. ढाल जमिनीवर आदळते, आणि धातूचा खणखणाट घुमतो.

मी ही कथा एकदा घरी मोठ्यानं वाचून दाखवत होतो. इथवर आलो आणि भाचीनं माझा हात धरला. "मामा, थांब. त्याला आधीपासून ऐकू येत होतं ना? मग तो इतके दिवस बोलला का नाही?"

अनेक वर्षं ही कथा वाचूनही माझं लक्ष भेगेवर, तळ्यावर, वादळावर असायचं. त्या मुलीनं नेमकं मर्मावर बोट ठेवलं. या कथेत भूत नाही. रॉडरिक स्वतःच सांगतो की पेटीतली पहिली चाहूल त्यानं कितीतरी दिवसांपूर्वी ऐकली होती, पण बोलायचं धाडस झालं नाही. साऱ्या वाड्यातला सर्वांत तीक्ष्ण कान, आणि तोच गप्प राहिला. पाठची बहीण अंधारात धडपडत होती आणि हा वर बसून ऐकत होता. मला तर वाटतं, वाडा त्या रात्री नव्हे, त्या पहिल्या दिवशीच पडला.

मग दार उघडतं. मॅडलिन उभी आहे, पांढऱ्या वस्त्रांवर रक्ताचे डाग. ती भावाच्या अंगावर कोसळते आणि दोघंही संपतात. मित्र जिवाच्या आकांतानं बाहेर धावतो. मागून लाल प्रकाश येतो, म्हणून वळून पाहतो, तर आपण विसरलेल्या त्या भेगेतून मावळता, रक्तासारखा चंद्र दिसतोय. भेग बघता बघता रुंदावते, भिंती दुभंगतात, हजार प्रवाह एकदम फुटावेत तसा गडगडाट होतो.

आणि मग ते तळं अशरांच्या वाड्यावर मिटतं. आवाज न करता.