नवमी धरून खांदेरी

मित्रहो, जानेवारीत चार-पाच छोट्या शिडाच्या होड्या मिळून अलिबागजवळच्या खांदेरी किल्ल्याच्या बेटाला जायचं, असं आपल्यात ठरतंय. गेटवेपासून खांदेरी साधारण १३ सागरी मैल. आपल्या २०-२२ फुटी होड्या बऱ्या वाऱ्यात ताशी चार मैल काढतात, म्हणजे जायला तीन-साडेतीन तास. हा हिशेब सगळ्यांनाच येतो. मला बोलायचंय ते तारखेबद्दल. सुट्टीचा रविवार बघून तारीख ठरवू नका, पंचांग उघडून ठरवा.

कोळीवाड्यात भरतीचं गणित तोंडपाठ असतं. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. म्हणजे सकाळी जाताना भरती तोंडावर आणि दुपारी परतताना ओहोटी तोंडावर. मोठ्या उधाणाला मुंबई बंदरात पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. त्या ओढीशी झगडत दिवस घालवायचा का?

आता नवमी घ्या, शुद्ध किंवा वद्य. नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, पावणेसात. सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास. उजाडताना ओहोटी नुकती लागलेली असते आणि तीच आपल्याला बंदराबाहेर काढते. एकच्या सुमाराला पाणी फिरतं, मग भरती घरी आणते. शिवाय तेव्हा भांग, म्हणजे पाण्याची सगळ्यात कमी चढउतार असते, त्यामुळे ओढही बेताची. भांगाला मात्र हे गणित तासभर मागेपुढे सरकतं, तेव्हा छापील कोष्टक पाहिल्याशिवाय निघायचं नाही.

पाण्यासारखंच वाऱ्याचं. पहाटे जमिनीवरून मतलई सुटतो, तो पाठीशी असतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा येतो. या दोघांच्या मध्ये, दहा-अकराच्या दरम्यान, वारा पडतो. शीड लोंबतं, सुकाणू हातात नुसतं हलतं, होडी ऐकत नाही. ताफा फुटतो तो इथेच. वेगवान होडी मतलईवर बेटापर्यंत पोचलेली असते आणि मागची कोळ्यांनी समुद्रात बांधून ठेवलेल्या डोलीच्या जाळ्यांच्या बोयांमध्ये वाहत जात असते. ती जाळी कुणाच्या तरी घरचा रोजगार आहे. त्यात आपल्या होडीचा तळाचा कणा अडकता कामा नये.

म्हणून माझा आग्रह आहे की सगळ्यात संथ होडीने पुढे राहायचं आणि बाकीच्यांनी तिच्या मागे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी शर्यतीला जावं, या सफरीला नको. मोठ्या जहाजांचा मार्ग वारा आहे तोवर, काटकोनात, एकत्र ओलांडायचा. त्या चिंचोळ्या खोल मार्गात आपण शिडावर असलो तरी त्यांना अडवायचा हक्क आपल्याला नाही. आणि इंजिन असलं तरी वल्ही हवीतच. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी खांदेरीवर तटबंदी उभारत होता, तेव्हा इंग्रजांच्या जहाजांनी बेटाला वेढा घातला होता. मराठ्यांच्या लहान होड्या रात्री त्यातून सामान पोचवत राहिल्या. जहाजं वाऱ्याची वाट बघत आणि या वल्ह्यांवर निघून जात. त्याच पाण्यात आपण जातोय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बेटावर उतरायची परवानगी बंदराच्या कचेरीतून आधी काढावी लागते. शेजारची उंदेरी फक्त लांबून बघायची. तिच्या भोवतीच्या खडकात छोट्या होडीनेही घुसू नये. खांदेरीवर १८६७ चं दीपगृह आहे, गाड्यांवरच्या तोफा आहेत, दगडाने वाजवला की धातूसारखा घणघणणारा एक खडक आहे, आणि वेताळाचं देऊळ. समोरच्या किनाऱ्यावरच्या थळ गावचे कोळी त्याला मानतात, तेव्हा तिथे वागणं तसंच ठेवायचं. २०२५ पासून खांदेरी जागतिक वारशाच्या यादीतल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे, त्यामुळे कचरा परत आणायचा हे वेगळं सांगायला नको.

बेट कितीही आवडलं तरी एकला नांगर उचलायचा. परतीचा वारा डाव्या बाजूने, थोडा समोरूनच लागेल. तुषार अंगावर येतील, वारा उत्तरेकडे कलला तर टप्पे घालत, नागमोडी जावं लागेल आणि सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळेल. लाइफ जॅकेट निघाल्यापासून परतेपर्यंत अंगावर, व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनेलवर.

बेटावर प्रत्येक होडीतला एक जण होडीवरच थांबेल, कारण ओहोटीत दोरी ढिली करत राहावी लागते. तो कोण, हे प्रत्येक होडीने मला आजच सांगायचं आहे.