नगरसेवकाकडे काय मागायचं?

(ठाण्यातील व्याख्यानाचा संपादित भाग)

‘विकासात राजकारण आणू नका’ हे वाक्य सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा ऐकू येतं. मला ते कधीच पटलं नाही. पाण्याची लाइन आधी कोणत्या गल्लीत टाकायची हे ठरवणं, हेच राजकारण. ते कुठे ठरतं आणि कोणासमोर ठरतं, एवढंच विचारायचं.

वागळे इस्टेटच्या चाळींमध्ये फिरून बघा. चांगले पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसवलेले दिसतील. बाजूला बाकडं, पाठीवर नगरसेवकाचं नाव. ब्लॉकखाली भरणी पडत जाते, गल्ली वर येते आणि घरं खड्ड्यात जातात. मग जोराची सर आली की पाणी उंबरा ओलांडतं, कारण गटार होतं तेवढंच राहिलेलं असतं. नगरसेवक काही खुळा नसतो. त्याच्या निधीत गल्ली बसते, नाला बसत नाही. शिवाय गटारावर नाव कुठे टाकणार? नाल्याची फाइल आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. ज्याला आपण मत देतो त्याच्याकडे फुटकळ कामं, आणि मोठ्या कामांचा कारभार ज्याच्याकडे तो मतं मागायला येतच नाही.

शहरांच्या पालिकांना घटनेत स्थान देणारी 74वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली. तिच्यातून आलेल्या बाराव्या अनुसूचीत पालिकेच्या कामांचे 18 विषय आहेत, पण त्यातले किती पालिकेकडे सोपवायचे हे राज्याच्या मर्जीवर. क्षेत्र सभेची, म्हणजे वॉर्डातल्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूदही महाराष्ट्राच्या कायद्यात 2009 मध्ये आली. इथे बसलेल्यांपैकी कोणी अशा सभेला गेलंय का? (सभागृहात हशा.) तेच.

ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 पासून वस्त्यांच्या सभांमध्ये लोक बजेटमधली कामं ठरवू लागले. गरीब वस्त्यांना झुकतं माप मिळालं. पाणी, मलनिस्सारण पुढे सरकलं. हे कुणा संस्थेनं नाही, निवडणूक जिंकून आलेल्या वर्कर्स पार्टीनं केलं. 2004 मध्ये तो पक्ष हरला, प्रयोग क्षीण होत गेला आणि 2017 मध्ये थांबवला गेला. आपल्याकडचं उदाहरण बंगाल-राजस्थानच्या पंचायतींचं. आरक्षणामुळे जिथे बाई सरपंच झाली तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला, असं 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पाणी भरणारी खुर्चीवर बसली की यादीचा क्रम बदलतो.

आणि खुर्चीच रिकामी असेल तर? नवी मुंबईतल्या नगरसेवकांची मुदत 2020 मध्ये संपली. पुढे वर्षानुवर्षं प्रशासक. बरं झालं, कटकट गेली, असं म्हणणारे मला भेटले, बहुतेक मोठ्या सोसायट्यांतले. तुर्भे-दिघ्याच्या वस्तीत सार्वजनिक शौचालयाचा दिवा गेला तर ऑनलाइन तक्रार कोण टाकत बसणार? लोक ‘माजी नगरसेवक’ पाटी लावलेल्या ऑफिसातच जात राहिले. त्याच्याकडे ना पद, ना निधी. पण वॉर्ड ऑफिसात त्याचा फोन अजून उचलला जायचा.